छात्राध्यापकांनी समाजमाध्यमांतून शिकावे कसे : खान्देशातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

बी.एड. किंवा डी.एल.एड.ला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात छात्राध्यापकाचा मोबाइल क्रमांक महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जातो. तिथे वेळापत्रक येते, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत येते, सणांच्या शुभेच्छा येतात, आणि महिन्याभरात बहुतेक जण तो ग्रुप म्यूट करून टाकतात. त्याच फोनवर ते रात्री टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, तयारीचे व्हिडिओ पाहतात, टेलिग्रामवरून नोट्सच्या पीडीएफ उतरवून घेतात आणि सराव पाठाच्या आदल्या दिवशी तयार टाचण (पाठाचा लेखी आराखडा) शोधतात. तरीही ‘तुम्ही शिकण्यासाठी समाजमाध्यम वापरता का’ असे विचारले, तर उत्तर अडखळत येते. कारण घरी आणि वर्गात दोन्हीकडे फोन म्हणजे वेळ घालवण्याचे साधन असेच त्यांच्या कानावर पडलेले असते. वापर भरपूर आहे, पण हे आपले अभ्यासाचे साधन आहे असा मनापासून केलेला स्वीकार मात्र झालेला नाही, अशी ही स्थिती आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अध्यापक शिक्षणाचा अभ्यासक्रम नुकताच सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे : समाजमाध्यमावरचा अभ्यास स्वतःच्या एखाद्या पाठातल्या अडचणीपासून सुरू व्हावा आणि जे मिळाले ते पाठ टाचणाच्या वहीत उतरावे. वहीपर्यंत न पोहोचलेला व्हिडिओ कितीही चांगला असला तरी तो पाहिला एवढेच म्हणता येते, त्यातून शिकलो असे म्हणता येत नाही.

आधी स्वतःचा कल तपासा

माणसे एखादे नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात आणि का नाकारतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन गोष्टींवर बोट ठेवले : हे साधन माझ्या कामाला येईल असे वाटणे, आणि ते वापरायला सोपे आहे असे वाटणे. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत डेव्हिसही होते, त्यात आणखी दोन बाबी ठळकपणे जोडल्या. आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांना ते साधन आपण वापरावे असे वाटते का, ही एक. आणि ते वापरण्यासाठी लागणारी सोय व मदत हाताशी आहे का, ही दुसरी. शिक्षकांच्या आणि छात्राध्यापकांच्या बाबतीत समाजमाध्यमांचा विचार करताना हीच चौकट उपयोगी पडते.

ही चौकट परीक्षेत उत्तर लिहिण्यापुरती ठेवू नका. वहीचे एक पान घ्या आणि चारही प्रश्नांची स्वतःची उत्तरे खरीखुरी लिहा. मागच्या महिन्यात फोनवर पाहिलेल्या कोणत्या गोष्टीमुळे माझा पाठ सुधारला? कोणते काम मला फोनवर जमत नाही, उदाहरणार्थ फाइल लहान करणे किंवा मराठीत टंकलेखन करणे? माझे प्राध्यापक, घरचे लोक आणि सोबती यांपैकी कोण मला प्रोत्साहन देते आणि कोण अडवते? माझ्या घरी रेंज, नेटपॅक आणि स्वतःचा फोन या तिन्ही गोष्टी आहेत का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागात फार वेगवेगळे येते. जळगाव शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला जो व्हिडिओ क्षणात दिसतो, तोच धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीला टेकडीवर चढून रेंज शोधल्याशिवाय उघडता येत नाही. कुणाच्या घरी एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतात किंवा बाजारात असतो. तिसऱ्या प्रश्नाचेही तसेच आहे. अनेक छात्राध्यापिकांना अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये आपला क्रमांक दिसणे नको असते, आणि त्यांची ही काळजी रास्त आहे. सोबती ग्रुपमध्ये बोलत नाही म्हणून त्याला आळशी किंवा मागासलेले ठरवण्याआधी त्याच्या वहीतले हे पान कसे असेल याचा विचार करावा. मला तर वाटते की प्रत्येक महाविद्यालयाने हे चार प्रश्न पहिल्याच महिन्यात सगळ्यांना विचारावेत आणि त्यानंतरच कोणते काम ऑनलाइन द्यायचे ते ठरवावे.

कोणते माध्यम कशासाठी

सगळी माध्यमे एकदम धरू नका. पाठ प्रत्यक्ष कसा घेतला जातो हे पाहण्यासाठी यूट्यूब, आपसात चर्चा करण्यासाठी व्हॉट्सॲप आणि मोठ्या फाइल नीट साठवण्यासाठी टेलिग्राम, एवढ्यावर पहिले वर्ष सहज निभते. टेलिग्राममध्ये आपला क्रमांक इतरांपासून लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ज्यांना क्रमांक उघड करायचा नाही त्यांनी ती आधी चालू करावी. फेसबुकवर अनुभवी शिक्षकांचे ग्रुप आहेत, तिथे सुरुवातीला वाचक म्हणून राहणे पुरेसे आहे. इन्स्टाग्रामवरचे रील आणि यूट्यूबवरचे शॉर्ट्स पाठाच्या तयारीसाठी मी सुचवणार नाही. मिनिटभरात एखादी युक्ती कळते, पण घटकाची मांडणी कळत नाही.

या सगळ्यांच्या आधी पाठ्यपुस्तक. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, आणि पुस्तकांतला क्यूआर कोड स्कॅन केला की २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय मंचावरचे साहित्य उघडते. ज्या इयत्तेचा आणि विषयाचा पाठ घ्यायचा आहे ते पुस्तक फोनमध्ये उतरवून ठेवल्याशिवाय कुठलाही व्हिडिओ शोधायला घेऊ नका. कारण आपल्या पुस्तकाची मांडणी माहीत नसेल, तर समोरच्या व्हिडिओत काय आपल्या उपयोगाचे आहे हेच ओळखता येत नाही.

पाचसहा जणांचा अभ्यासगट

महाविद्यालयाच्या मोठ्या ग्रुपमध्ये शंका विचारायला बहुतेकांना संकोच वाटतो. शंभर जणांसमोर ‘मला हे कळले नाही’ असे लिहिणे सोपे नसते, आणि त्यात प्राचार्य व प्राध्यापक असतील तर मुळीच नसते. म्हणून एकाच अध्यापन पद्धतीच्या, म्हणजे एकच विषय शिकवायला शिकणाऱ्या, पाचसहा जणांचा वेगळा, लहान ग्रुप तयार करा. शक्य असेल तर त्यात एक जण शहरातला, एक जण सातपुड्याच्या बाजूचा, एक जण अहिराणी बोलणारा आणि एक जण पावरी किंवा भिली बोलणारा असावा. याचा उपयोग पुढे दिसेल. मेथड मास्टरांना, म्हणजे त्या विषयाची अध्यापन पद्धत शिकवणाऱ्या प्राध्यापकांना, या ग्रुपमध्ये घेऊ नका. ग्रुपमध्ये न सुटलेला प्रश्न त्यांच्याकडे प्रत्यक्ष घेऊन जाणे जास्त फलदायी ठरते, आणि सर किंवा मॅडम पाहत आहेत या जाणिवेने येणारे मौनही टळते.

ग्रुपच्या वर्णनात तीनच नियम लिहा. शुभेच्छा, विनोद आणि राजकारण इथे नाही. रात्री दहानंतर संदेश नाही. आणि कुणाचाही संदेश त्याला विचारल्याशिवाय ग्रुपबाहेर जाणार नाही. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या चुकीच्या उत्तराचा स्क्रीनशॉट दुसरीकडे फिरतो आहे असे एकदा कळले की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही आणि गट तिथेच संपतो.

प्रश्न कसा विचारायचा हे शिकावे लागते. ‘अपूर्णांकाचे काही साहित्य आहे का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून दहा लिंक येतात आणि एकही उघडली जात नाही. त्याऐवजी इयत्ता, घटक, आपण काय केले आणि विद्यार्थी नेमके कुठे अडले, या चार गोष्टी एका संदेशात लिहाव्यात. उदाहरणार्थ : ‘इयत्ता सहावी, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. मी कागदाच्या पट्ट्या वापरून अर्धा आणि एक तृतीयांश दाखवले. तरीही बरीच मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून उत्तर दोन पंचमांश काढतात. त्यांना हे उत्तर चुकीचे आहे हे स्वतःलाच कळावे यासाठी काय विचारू?’ अशा प्रश्नाला चांगले उत्तर येते. कुणीतरी सुचवतो की दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान ते मुलांना पट्टीवर पाहायला सांगा. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे आले, हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतात. ही एक ओळ टाचणात ‘विचारायचा प्रश्न’ म्हणून उतरली की ग्रुपने आपले काम केले.

उत्तर देणाऱ्याचा फायदाही कमी नाही. दुसऱ्याच्या अडलेल्या विद्यार्थ्याबद्दल विचार करणे हे शिक्षकाच्या कामाचे मूळच आहे, आणि छात्राध्यापकाला ते करण्याची संधी एरवी आंतरवासितेपर्यंत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम करण्याच्या काळापर्यंत, मिळत नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत असत. ओळखीच्या मोजक्या वाचकांसाठी, त्यांच्याच प्रश्नांवर, नियमाने लिहिणे ही खान्देशातल्या शिक्षकांची जुनी रीत आहे, असे मला हा लहान ग्रुप सुचवताना मनापासून वाटते.

सूक्ष्म अध्यापनात फोनचा उपयोग

समाजमाध्यमांचा सर्वांत मोठा लाभ मला सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका अध्यापन कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, दिसतो, आणि नेमका तिथेच त्यांचा वापर सर्वांत कमी होतो. आपल्याकडे प्रचलित असलेले चक्र ३६ मिनिटांचे आहे : अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६ मिनिटे, पुनर्नियोजन १२ मिनिटे, पुनरध्यापन ६ मिनिटे आणि पुनर्प्रत्याभरण ६ मिनिटे. व्यवहारात वेळ अपुरा पडतो आणि कात्री लागते ती प्रत्याभरणाला. ‘छान झाला, फक्त आवाज थोडा वाढव’ एवढ्यावर निरीक्षणाची वही भरली जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात हे तंत्र आकाराला आले, तेव्हापासून स्वतःच्या पाठाचे चित्रण पाहणे हा त्याचा भाग होता. त्या काळी त्यासाठी महागडी यंत्रे लागत. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

चित्रण असे करा. फोन आडवा धरून वर्गाच्या मागच्या बाकावर, पुस्तकांच्या आधाराने, फलक आणि पाठ घेणारा दोन्ही दिसतील असा ठेवा. पंखा डोक्यावर असेल तर आवाज नीट येत नाही, म्हणून शक्य तर तो सहा मिनिटांपुरता बंद करा किंवा फोन जवळ आणा. चित्रणाचा दर्जा मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे फाइल लहान राहील. सूक्ष्म अध्यापनात विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती बसलेले असतात, त्यामुळे परवानगी घेणे सोपे असते. पण ती घेतलीच पाहिजे, आणि कुणी नको म्हटले तर फोनचा कोन बदलून फक्त पाठ घेणाऱ्याचेच चित्रण करावे.

चित्रफीत आधी स्वतः एकट्याने पाहा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज आणि हावभाव पाहून बहुतेकांना अस्वस्थ वाटते. त्यामुळे पहिल्या वेळी काहीच लिहू नका. दुसऱ्या वेळी फक्त ज्या कौशल्याचा सराव होता तेवढेच पाहा. प्रश्न कौशल्य असेल तर सहा मिनिटांत किती प्रश्न विचारले, त्यांपैकी कितींचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच होते, आणि प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलो, हे मोजा. अमेरिकी संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गांतल्या या थांबण्याचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात आणि ते तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर विद्यार्थ्यांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात असे त्यांना आढळले. चित्रफितीवर हे मोजणे अगदी सोपे आहे, आणि एकदा मोजलेले विसरले जात नाही.

मगच चित्रफीत लहान ग्रुपमध्ये टाका, आणि सोबत एकच प्रश्न विचारा : ‘दुसऱ्या मिनिटाला मी जो प्रश्न विचारला तो तुम्ही कसा विचारला असता?’ सर्वसाधारण अभिप्राय मागितला तर सर्वसाधारण कौतुकच मिळते. उत्तर लिखित किंवा आवाजी संदेशाने द्यावे, अंगठ्याच्या चिन्हाने नव्हे. पुनरध्यापन झाले की पहिली चित्रफीत सर्वांनी आपापल्या फोनमधून काढून टाकावी.

दुसऱ्याचा पाठ पाहताना

यूट्यूबवर शिक्षकांचे असंख्य पाठ आहेत. त्यांतले बरेचसे थेट विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी केलेले असतात. छात्राध्यापकाला त्यातून शिकवणे शिकायचे असते, म्हणून पाहण्याची पद्धत बदलावी लागते. पाठ सुरू होण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि या घटकाची सुरुवात मी कशी करेन ते दोन ओळींत लिहा. मग पाहा. शिक्षकाने उदाहरण दिले की थांबवून विचार करा : हे उदाहरण माझ्या वर्गातल्या मुलाने पाहिलेले आहे का? मेट्रोचे उदाहरण शहाद्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाला परके असते. तिथे ऊसतोडीची गाडी किंवा एसटीचा थांबा चालतो. रावेर-यावलच्या मुलाला शेकडेवारी शिकवताना केळीच्या घडांचा भाव उपयोगी पडतो, नंदुरबारच्या मुलाला मिरचीचा. असे बदल टाचणात लिहिले की तो पाठ आपला होतो.

तयार टाचणांच्या पीडीएफबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्या सगळीकडे फिरतात, आणि वेळेच्या ओढाताणीत त्या उतरवून काढण्याचा मोह होतो हे समजण्यासारखे आहे. पण टाचण लिहिणे ही पाठाची पहिली तालीम असते. मूल इथे काय म्हणेल आणि मग मी काय विचारेन याचा विचार लिहितानाच होतो. उतरवलेल्या टाचणात हा विचार दुसऱ्याने केलेला असतो, आणि वर्गात मुलाने अनपेक्षित उत्तर दिले की छात्राध्यापक निरुत्तर होतो. तयार टाचण पाहायचेच असेल तर आपले लिहून झाल्यावर, ताडून बघण्यासाठी पाहावे.

तीन संगमांचा एक पाठ

गट मिळून काय करू शकतो याचा एक नमुना देतो. भूगोलात नदी आणि तिच्या उपनद्या हा घटक आहे असे समजा. यूट्यूबवरचे मराठी पाठ बहुधा गोदावरी किंवा कृष्णा दाखवतात, आणि त्या पूर्वेला वाहतात. खान्देशातल्या मुलाने रोज पाहिलेली तापी मात्र मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेला सुरतेकडे जाते. मुलाच्या मनातला हा गोंधळ पाठात घेतलाच पाहिजे.

आता गटातल्या तिघांनी सुटीच्या दिवशी आपापल्या जवळच्या संगमावर जावे. मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते, शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे पांझरा मिळते आणि शहादा तालुक्यात प्रकाशा येथे गोमाई मिळते. प्रत्येकाने दोन छायाचित्रे काढावीत, दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग आणि पात्राची रुंदी यांबद्दल निरीक्षण लिहावे, शक्य तर काठावरच्या एखाद्या कोळी किंवा शेतकरी काकांना विचारून पावसाळ्यात आधी कोणत्या नदीला पूर येतो ते आवाजी संदेशात नोंदवावे. अर्थातच त्यांना कशासाठी विचारतो आहोत हे सांगून आणि त्यांच्या संमतीने. चौथ्याने हे सगळे नकाशावर मांडावे. पाचव्याने मूल्यमापनाचे प्रश्न तयार करावेत : पूर्णा आणि गोमाई कोणत्या बाजूंनी येतात, पूर्वेच्या संगमापासून पश्चिमेच्या संगमाकडे जाताना तापीच्या पात्रात काय बदल दिसतो, असे. सहाव्याने पावरी आणि अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी नदी, काठ, पूर, डोह यांना कोणते शब्द आहेत ते घरच्या माणसांकडून आवाजी संदेशात गोळा करावे, म्हणजे प्रस्तावनेत मुलांना आपल्या घरची भाषा ऐकू येईल. एकट्या छात्राध्यापकाला असे साहित्य जमवायला जिल्हाभर फिरावे लागले असते. गटाला ते एका रविवारी जमते, आणि ते कुठल्याही तयार संग्रहात सापडणार नाही.

रेंज नसलेल्या सोबत्यांसाठी

गटातल्या एकालाही नियमित रेंज मिळत नसेल तर पूर्ण गटाने आपली पद्धत बदलावी. व्हिडिओपेक्षा मजकूर, मजकूर मोठा असेल तर त्याची छोटी पीडीएफ, आणि प्रत्येक कामाला किमान दोन दिवसांची मुदत, एवढे केले तरी बराच फरक पडतो. तालुक्याच्या गावी किंवा महाविद्यालयात वायफाय असेल तेव्हा व्हिडिओ यूट्यूबच्याच ऑफलाइन सोयीने साठवून ठेवावेत. सोमवारी पाड्यावरून येणाऱ्या सोबत्याला आठवड्याच्या सुट्टीतल्या फाइल ब्लूटूथने किंवा फोनमधल्या क्विक शेअरने नेटशिवाय देता येतात. ग्रुपमध्ये काय ठरले हे वर्गात पाच मिनिटे तोंडी सांगण्याची जबाबदारी एकाने घ्यावी.

पुढे पाठवण्याआधी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षेवर जगणारे लोक होते. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून ठिकठिकाणी फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. आपल्याच भागात हे घडलेले असताना, उद्या ज्यांच्या शब्दावर गाव विश्वास ठेवणार आहे त्या शिक्षकांनी न तपासलेला संदेश पुढे पाठवणे मला अक्षम्य वाटते.

अभ्यासातही हाच नियम ठेवा. शासन निर्णयाची पीडीएफ आली तर तिच्या शेवटी दिलेला संकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तो निर्णय खरोखर तिथे आहे का ते पाहा. टीईटीची तारीख महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. शिक्षक भरतीबद्दल पवित्र पोर्टलवरची सूचनाच ग्राह्य धरा. पैसे भरून प्रश्नपत्रिका किंवा नोकरी देण्याचे आमिष दाखवणारा टेलिग्राम चॅनल दिसला तर तो तत्काळ सोडा, आणि कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगा. विषयज्ञानाच्या बाबतीत पाठ्यपुस्तक आणि व्हिडिओ यांत फरक दिसला तर तो मेथड मास्टरांना दाखवा.

आंतरवासितेत शाळेत गेल्यावर

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतल्या कामासाठी २० आठवडे आहेत. इथून पुढे समोर खरी मुले असतात आणि फोनचे नियम कडक होतात.

मुलांचे चेहरे दिसणारे छायाचित्र स्टेटसला ठेवू नका, ग्रुपमध्ये टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षिली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आश्रमशाळेतल्या मुलीचा फोटो तिच्या आईवडिलांना न विचारता जगासमोर ठेवणे योग्य नाही, कारण तो पाहून नकार कळवण्याचे साधनही त्यांच्याजवळ अनेकदा नसते. निरीक्षण वहीसाठी पुरावा हवा असेल तर फलक, शैक्षणिक साहित्य, नाव झाकलेली वही किंवा पाठमोरा वर्ग यांचे छायाचित्र घ्या, आणि तेही मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतल्यावर. विद्यार्थ्याच्या अडचणीबद्दल गटात लिहिताना नाव, गाव, जात, घरची परिस्थिती यांतले काहीही लिहू नका. ‘सहावीतला एक मुलगा’ एवढे पुरते.

विद्यार्थ्यांना आपला वैयक्तिक क्रमांक देऊ नका आणि त्यांच्या इन्स्टाग्रामवरच्या विनंत्या स्वीकारू नका. मुलांपर्यंत काही पोहोचवायचे असेल तर ते वर्गशिक्षकांमार्फत, शाळेने चालवलेल्या पालकांच्या ग्रुपवर जावे. शाळेतले अनुभवी सर किंवा ताई फोनच्या वापराबद्दल नाराज असतील तर वाद घालू नका. त्यांना एकदा तीन संगमांच्या पाठासारखा पाठ पाहायला बोलवा आणि साहित्य कसे जमवले ते पाठ संपल्यावर सांगा. फोनमुळे वर्गात काय आले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तर त्यांचा विरोध मावळण्याची शक्यता जास्त असते.

दर शनिवारी टाचण वहीच्या मागच्या पानावर तीन रकान्यांत एक नोंद करा : या आठवड्यात समाजमाध्यमातून कोणती गोष्ट घेतली, ती कोणत्या पाठात वापरली, मुलांनी काय केले. सलग तीन आठवडे पहिला रकाना भरलेला आणि शेवटचे दोन रिकामे राहिले, तर पाहणे कमी करून गटात प्रश्न विचारणे वाढवा. पहिलाच रकाना रिकामा असेल तर सुरुवातीला लिहिलेले चार प्रश्नांचे पान पुन्हा उघडून अडचण उपयुक्ततेची आहे, कौशल्याची आहे की सोयीची आहे ते ठरवा आणि तेवढ्यापुरती मदत मागा.

अभ्यासक्रम संपताना

शेवटच्या महिन्यात गटाने एक दिवस काढून साठवलेले साहित्य इयत्ता, विषय आणि घटक यांप्रमाणे नावे देऊन लावावे. फाइलचे नाव ‘इयत्ता सहावी, गणित, भिन्नछेद अपूर्णांक, प्रश्न’ असे असावे. फोनने आपोआप दिलेल्या आकड्यांच्या नावावरून पुढच्या वर्षी कुणालाच काही सापडणार नाही. हा संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर आणि पुढच्या तुकडीच्या एका विश्वासू विद्यार्थ्याकडे द्यावा. आंतरवासितेतली छायाचित्रे, मुलांच्या वह्यांच्या प्रती आणि सोबत्यांच्या चित्रफिती सर्वांनी फोनमधून, तसेच फोनच्या क्लाउड साठ्यातूनही, काढून टाकाव्यात. त्यानंतर ग्रुप चालू ठेवायचा की बंद करायचा ते सगळ्यांच्या मताने ठरवा. चालू ठेवलात तर नोकरी लागलेल्या पहिल्या सोबत्याने आपल्या शाळेतला पहिला अडलेला प्रश्न त्याच चार भागांत लिहून टाकावा.